कथनाचा अधिकार आणि निषेधाची कविता : ऑस्ट्रेलियातील आदिवासी कवितेच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठी वाचकाला ऑस्ट्रेलियातील आदिवासी कवितेची ओळख होते ती बहुधा विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांतून. ‘राष्ट्रकुल साहित्य’ या जुन्या किंवा ‘वसाहतोत्तर साहित्य’ या नव्या नावाच्या अभ्यासपत्रिकेत ऊजरू नूनकल (१९२०-१९९३) यांची एखाददुसरी कविता नेमलेली असते आणि ‘आदिवासींच्या मौखिक कथनपरंपरेतून प्रेरणा घेतलेली निषेधकविता’ असे एक ठरावीक वाक्य विद्यार्थी तिच्याविषयी उत्तरपत्रिकेत लिहितो. हे वाक्य चूक नाही. तथापि प्रेरणा घेतली म्हणजे नेमके काय घेतले, हा प्रश्न त्यात तसाच राहतो. कथेतील सर्प, पक्षी, पूर्वज घेतले? सांगण्याची लय घेतली? की आणखी काही? प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. निषेधाची कविता लिहू पाहणाऱ्याने या परंपरेकडून काय शिकावे आणि काय शिकू म्हणता शिकता येणार नाही, असाही त्याचा दुसरा भाग आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते या कवितेने कथनपरंपरेकडून घेतलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सांगण्याच्या अधिकाराची जाणीव होय. कथा कोणाची, कोणत्या जागेची आणि ती कोणी कोणाला सांगावयाची, याचे भान जेथे कवितेत उतरले तेथे ती बळकट झाली. जेथे केवळ प्रतिमा उतरल्या तेथे ती शोभेची झाली.

परिभाषेविषयी प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘आदिवासी’ हा शब्द येथे सोयीसाठी वापरला आहे. १७८८ मध्ये इंग्रजांची वसाहत सुरू झाली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. तेव्हा ‘आदिवासी कथनपरंपरा’ असे एकवचन योजताना आपण अनेक परंपरांना एका दोरीत ओवतो आहोत, याचे स्मरण असलेले बरे.

‘स्वप्नकाळ’ या शब्दाची अडचण

या परंपरेविषयी बोलताना ‘ड्रीमटाइम’ हा शब्द टाळता येत नाही, आणि मराठीत त्याचे ‘स्वप्नकाळ’ असे भाषांतर केले की गैरसमजाला आरंभ होतो. मध्य ऑस्ट्रेलियातील अरेर्न्टे लोकांच्या एका संकल्पनेचे हे इंग्रजी रूपांतर. बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलन यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लेखनातून ते रूढ झाले. त्यात स्वप्नही पुरेसे नाही आणि काळ तर मुळीच नाही. मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९५३ मध्ये लिहिलेल्या निबंधात यासाठी ‘एव्हरीव्हेन’ असा एक शब्द घडवला. मराठीत त्याला ‘सर्वदाकाळ’ म्हणता येईल. पूर्वजांनी भूमी घडवली ती घटना होऊन गेलेली नाही. त्या टेकडीत, त्या पाणवठ्यात, त्या नियमात ती चालू आहे. आपल्याकडे ‘पुराणातली वांगी पुराणात’ असे म्हणण्याची सोय आहे, तशी सोय येथे नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि कवितेच्या दृष्टीने दोन्ही महत्त्वाच्या आहेत. एक, कथा ही जागेला बांधलेली असते. अमुक खडकाची कथा अमुक कुळाची, पुढच्या वळणानंतरची कथा दुसऱ्याची. दुसरी, कथा हा कायदा असतो. विवाह कोणाशी, शिकार कशाची, पाण्यावर हक्क कोणाचा, हे कथेतून ठरते. त्यामुळे कथा सांगणे हे मालकीचे आणि जबाबदारीचे कृत्य ठरते. ज्याला अधिकार नाही त्याने सांगितली तर ती चोरी होते.

अशी चोरी प्रत्यक्षात झाली आहे. ङरिन्जेरी समाजातील डेव्हिड युनायपॉन (१८७२-१९६७) हे आदिवासींपैकी पहिले ग्रंथकार मानले जातात. ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर आज त्यांचे चित्र आहे. त्यांनी १९२४-२५ च्या सुमारास कथा संकलित करून लिहून काढल्या. प्रकाशकाने ते हस्तलिखित विल्यम रॅमसे स्मिथ या गृहस्थांकडे सोपवले आणि १९३० मध्ये लंडनहून ते स्मिथ यांच्या नावे छापले गेले. त्यात युनायपॉन यांचे नावही नव्हते. त्यांच्या स्वतःच्या नावाने ते पुस्तक निघायला २००१ साल उजाडले. निषेधकवितेविषयीच्या निबंधात हा प्रसंग नोंदवण्याचे कारण असे की, भूमी हिरावली जाणे आणि कथा हिरावली जाणे ही त्या लोकांच्या दृष्टीने एकाच घटनेची दोन अंगे आहेत. म्हणून कथा आपल्या तोंडाने, आपल्या नावाने सांगणे हाच मुळात निषेध होतो. आवाज चढवण्याची गरज त्यानंतर.

ऑगस्ट १९६३ मध्ये कॅनबेराच्या संसदेपुढे आलेले यिर्कला येथील अर्ज याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. आर्नहेम लँडच्या ईशान्येस बॉक्साइटच्या खाणीसाठी योल्ङू लोकांची भूमी त्यांना न विचारता देण्यात आली, तेव्हा त्यांनी योल्ङू भाषेत आणि इंग्रजीत टंकलिखित केलेला अर्ज झाडाच्या सालीवर डकवला आणि त्याच्या चारी बाजूंनी आपापल्या कुळांची परंपरागत चित्रे रंगवली. संसदेच्या दृष्टीने मजकूर हा अर्ज होता आणि चित्रे ही किनार होती. काढणाऱ्यांच्या दृष्टीने भूमीवरील हक्काचा लेख चित्रांत होता; इंग्रजी मजकूर हा त्याचा पाहुण्यांसाठी केलेला अनुवाद. खाण थांबली नाही, १९७१ मध्ये न्यायालयाचा निकालही विरुद्ध गेला; पण त्या वादातूनच पुढे १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा भूमिहक्क कायदा आला. या अर्जात निषेधाची भाषा किती सौम्य आहे हे पाहण्यासारखे आहे. सगळे बळ किनारीत आहे.

उसनवारीचा धडा

कथनपरंपरेपासून ‘प्रेरणा घेण्याचा’ पहिला संघटित वाङ्मयीन प्रयत्न गोऱ्या कवींनी केला. १९३८ मध्ये ॲडलेड येथे रेक्स इंगमेल्स यांनी जिंडीवोरोबाक नावाची चळवळ सुरू केली. इंग्लंडच्या हिरवळीच्या प्रतिमा टाकून द्याव्यात, ऑस्ट्रेलियाच्या मातीशी जोडून घ्यावे आणि त्यासाठी आदिवासींच्या शब्दांकडे व पुराणकथांकडे वळावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘जिंडीवोरोबाक’ या शब्दाचा अर्थच जोडणे, सामील करून घेणे असा सांगितला जाई. हेतू प्रामाणिक होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या कवितांत आदिवासी शब्द पुष्कळ आणि आदिवासी माणूस थोडा, अशी अवस्था झाली. पूर्वज आले, पक्षी आले, पवित्र स्थळे आली. ज्यांची ती स्थळे होती ते त्या वेळी सरकारी वसाहतींत शिध्यावर जगत होते, हे क्वचितच आले. त्याच वर्षीच्या २६ जानेवारीला, वसाहतीच्या दीडशेव्या वर्षी, सिडनीत आदिवासी नेत्यांनी ‘शोकदिन’ पाळला होता. एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे उसनवारीची मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गमतीची गोष्ट अशी की इंगमेल्स यांनी तो शब्द उचलला तो जेम्स डेव्हॅनी यांच्या १९२९ च्या ‘द व्हॅनिश्ड ट्राइब्ज’ या पुस्तकातून. पुस्तकाचे नावच ‘लुप्त झालेल्या जमाती’. आणि पुढे तीसएक वर्षांनी हेच डेव्हॅनी एका आदिवासी स्त्रीच्या पहिल्या कवितांना प्रोत्साहन देत होते. लुप्त झालेली जमात दारात कविता घेऊन उभी राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा धडा जुना झाला असे मात्र समजू नये. पदवीच्या वर्गात ही कविता शिकवल्यानंतर ‘या धर्तीवर एक निषेधकविता लिहा’ असा स्वाध्याय दिला असता हाती येणाऱ्या कवितांपैकी निम्म्यांत इंद्रधनुषी सर्प असतो आणि उरलेल्या निम्म्यांत बूमरँग. विद्यार्थ्यांचा दोष नाही. परंपरा म्हणजे प्रतिमांचे कोठार अशीच समजूत आपण त्यांना दिलेली असते. त्याच वर्गात वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता वाचली की चर्चेला वेगळे वळण लागते. आदिवासींचे दुःख आदिवासींना समोर बसवून दुसऱ्याच कोणी व्यासपीठावरून सांगावे, या प्रकारावरची ती कविता आहे. तिच्यात अलंकार शोधावे लागतात आणि बहुधा सापडत नाहीत. पण कोण बोलतो आहे हा प्रश्न ती वाचकाच्या मनातून जाऊ देत नाही.

ऊजरू नूनकल : दोन प्रकारच्या कविता

कॅथ वॉकर या नावाने प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कवयित्रीचा जन्म क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतच्या मिन्जेरिबा बेटावरचा. इंग्रजी नकाशात त्याचे नाव नॉर्थ स्ट्रॅडब्रोक. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ब्रिस्बेनमधील घरांत मोलकरणीचे काम सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात त्या स्त्रियांच्या सैन्यदलात दाखल झाल्या, काही काळ साम्यवादी पक्षात राहिल्या, पुढे आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेत अग्रभागी आल्या. १९६४ मध्ये जॅकरँडा प्रेसने त्यांचा ‘वी आर गोइंग’ हा संग्रह काढला. आदिवासी लेखकाचा हा पहिला प्रकाशित काव्यसंग्रह. हस्तलिखित वाचून त्याची शिफारस करणाऱ्यांत ज्युडिथ राइट होत्या. १९६७ च्या सार्वमतासाठी त्यांनी देशभर प्रचार केला आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनादुरुस्तीला कौल दिला. १९७० मध्ये मिळालेला ब्रिटिश किताब त्यांनी १९८७ मध्ये, वसाहतीच्या द्विशताब्दीचा निषेध म्हणून, परत केला आणि ऊजरू हे नाव धारण केले. त्यांच्या भाषेत ते एका झाडाचे नाव आहे, कागदासारखी साल सुटणाऱ्या झाडाचे. लेखिकेला हे नाव शोभते.

त्यांच्या कवितेचे सरळ दोन गट पडतात. एका गटात यमकबद्ध, घोषणांची लय असलेल्या रचना आहेत. ‘ॲबोरिजिनल चार्टर ऑफ राइट्स’ ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. १९६२ मध्ये ॲडलेडच्या वार्षिक परिषदेसाठी ती लिहिली गेली आणि तेथे म्हटली गेली. काय हवे आणि काय नको, यांच्या जोड्या यमकांच्या जोड्यांतून एकामागून एक येतात. या रचनेचे कूळ आदिवासी कथनात शोधणे व्यर्थ आहे. शाळेत पाठ केलेली इंग्रजी पद्ये, प्रार्थनागीते आणि कामगारसभेतील गाणी हे तिचे कूळ. सभागृहासाठी ती उत्तम आहे. कागदावर ती एकसुरी वाटते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या गटात ‘वी आर गोइंग’ ही शीर्षककविता येते. एका छोट्या शहरात काही माणसे येतात, निमूट, अर्धवस्त्र. जेथे एके काळी त्यांचे बोराचे, म्हणजे दीक्षाविधीचे, रिंगण होते त्या जागी ती उभी राहतात. तेथे आता कचरा टाकण्यास परवानगी देणारी पाटी आहे. प्रारंभी कवितेचा निवेदक तृतीयपुरुषात बोलतो. मग त्या माणसांच्या मनातले शब्द सुरू होतात आणि ‘ते’चे ‘आम्ही’ होते. आम्ही हे विधी आहोत, हे नियम आहोत, या कथा आहोत, ही अमक्या टेकडीवरची वीज आहोत, अशा ओळखींची साखळी लागते. तिच्यानंतर नाहीशा झालेल्या गोष्टींची यादी येते आणि कविता संपते.

येथे मागणी नाही, घोषणा नाही. जे आहे ते कथनपरंपरेतून आले आहे. विशिष्ट जागेवर उभे राहून त्या जागेची कथा सांगण्याचा अधिकार ज्यांचा आहे तीच माणसे बोलत आहेत. आपण टेकडीसारखे आहोत अशी उपमा ती देत नाहीत. टेकडी आणि आपण यांच्यात ती अंतरच ठेवत नाहीत, आणि ‘सर्वदाकाळ’ची संकल्पना लक्षात घेतली तर हे विधान शब्दशः घ्यावे लागते. मग कचऱ्याच्या पाटीचा अर्थ बदलतो. पाटी जागेवर नाही, माणसांवर लावलेली आहे. कवयित्रीला हे सांगावे लागत नाही, कारण कथनाच्या व्यवस्थेने ते आधीच सांगून ठेवले आहे.

१९६४ च्या सुमारास या संग्रहावर झालेल्या टीकेत ही कविता नव्हेच, पद्यात घातलेला प्रचार आहे, असा एक सूर होता. त्या टीकेतला यमकांच्या कृत्रिमतेविषयीचा भाग पहिल्या गटाला लागू पडतो. परंतु टीकाकारांनी दोन्ही गट एकाच मापाने मोजले. मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. दलित कवितेच्या वाट्याला प्रचारकी असल्याचा हाच आक्षेप आला होता. या दोन इतिहासांत केवळ साम्यच नाही, एक समान धागाही आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच नावाची संघटना त्याच सुमारास ब्रिस्बेनमध्येही निघाली आणि तिच्या संस्थापकांत डेनिस वॉकर, म्हणजे ऊजरूंचे पुत्र, होते. तथापि या धाग्यावरून दोन्ही कविता एकच ठरवण्याची घाई करू नये. ‘गोलपिठा’तील नामदेव ढसाळ शहराच्या तळातून बोलतात, त्यांच्यापाशी वंशपरंपरेने आलेली पवित्र भूमी नाही, आणि ती नसणे हेच त्यांच्या भाषेचे इंधन आहे. ऊजरूंची कविता नेमक्या त्या भूमीवर उभी आहे.

गोष्ट हाच नियम

१९७२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम’ हे पुस्तक मुलांसाठीचे म्हणून बाजूला ठेवले जाते. कवितेचा अभ्यास करणाऱ्याने ते आधी वाचावे, असे सुचवावेसे वाटते. पहिल्या भागात बेटावरच्या बालपणाच्या गोष्टी, दुसऱ्या भागात जुन्या लोककथा आणि त्याच वळणाच्या काही नव्या. त्यातील ‘किल टू ईट’ ही छोटी गोष्ट घ्या. वडिलांचा नियम असा की खाण्यापुरतेच मारावे. मुले गलोल घेऊन बाहेर पडतात, खाण्याशी संबंध नसलेल्या कूकाबरा पक्ष्याला मारतात. वडिलांना कळते. तीन महिने शिकारीला बंदी. एवढीच गोष्ट. नियम, भंग, परिणाम. वडिलांचा राग किती, मुलांचा पश्चात्ताप किती, याची वर्णने नाहीत.

निषेधाची कविता शिकू पाहणाऱ्यासाठी यात मोठे पाथेय आहे. आपल्याकडील बहुतेक नवशिक्या निषेधकविता भावनेपासून सुरू होतात: मी पेटलो आहे, माझ्या रक्तात आग आहे, इत्यादी. या गोष्टीत भावनेच्या जागी नियम आहे. कोणता नियम होता, तो कोणी मोडला, हे स्पष्ट सांगितले की संताप श्रोत्याचा होतो. पंतप्रधान मेन्झीस यांच्या भेटीची जी हकिकत ऊजरू सांगत असत ती याच घाटाची आहे. १९६३ मध्ये शिष्टमंडळाबरोबर त्या गेल्या असता पंतप्रधानांनी त्यांना मद्याचा पेला देऊ केला. आमच्या क्वीन्सलंडात आदिवासी माणसाला मद्य दिल्याबद्दल तुम्हाला तुरुंगात जावे लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. या एका वाक्यापुढे भेदभावाच्या कायद्यावरील दहा भाषणे फिकी पडावीत. ती हकिकत सांगणाऱ्या बाईंना आपण गोष्ट सांगतो आहोत याची पूर्ण जाणीव असणार.

ऊजरू १९७१ मध्ये मिन्जेरिबाला परतल्या आणि तेथे त्यांनी मूंगालबा नावाचे केंद्र सुरू केले. नावाचा अर्थ ‘बसण्याची जागा’. काळीगोरी हजारो मुले तेथे येऊन राहून गेली. शिंपले गोळा करणे, विणणे, झाडे ओळखणे, आणि संध्याकाळी बसून ऐकणे. लेखनाची कार्यशाळा म्हणावे असे तेथे फारसे काही नव्हते. ऐकणे हा त्या शिक्षणाचा पहिला पाठ होता, आणि आपल्या सृजनशील लेखनाच्या अभ्यासक्रमांत नेमका तोच नसतो.

श्वास आणि ओळ

सांगण्याची लय कागदावर कशी उतरवावी, हा तांत्रिक प्रश्नही येथे आहे. वायव्य ऑस्ट्रेलियातील पॅडी रो यांच्या कथा स्टीफन म्यूके यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि १९८३ मध्ये ‘गुलाराबुलू’ या नावाने प्रसिद्ध केल्या. तोपर्यंतचे संकलक अशा कथांना शुद्ध इंग्रजी गद्याचा अंगरखा चढवत. म्यूके यांनी रो यांचे बोलीतले इंग्रजी तसेच ठेवले आणि जेथे निवेदक श्वास घेतो, थांबतो, तेथे ओळ तोडली. परिणामी पानावर जे दिसते ते कवितेसारखे दिसते. मुक्तछंदात ओळ कोठे तोडावी, हा नवकवीला छळणारा प्रश्न असतो. येथे त्याचे उत्तर छातीच्या भात्यात आहे. रो आपल्या कथांचे प्रकारही सांगतात: खऱ्या घडलेल्या कथा, नियमाच्या कथा, भुताखेतांच्या कथा. ‘खरी कथा’ म्हणताना ते पुरावा देतात, कोणाकडून ऐकली ते सांगतात. श्रोता हुंकार देतो की नाही याकडेही त्यांचे लक्ष असते.

कोठडीतील मृत्यूंच्या काळात लिहिल्या गेलेल्या कवितांत श्रोत्याकडे वळण्याची ही रीत फार तीव्र झाली. १९८७ ते १९९१ या काळात शाही आयोगाने पोलीस कोठडीतील आणि तुरुंगांतील ९९ मृत्यूंची चौकशी केली. त्यांपैकी रॉबर्ट वॉकर हे १९८४ मध्ये फ्रीमँटल तुरुंगात मरण पावले. ते कवी होते. एकान्तकोठडीवरच्या त्यांच्या कवितेत वाचकाला थेट प्रश्न विचारलेले आहेत. वाचक त्या खोलीत बसलेला आहे असे गृहीत धरूनच ती पुढे जाते. केविन गिल्बर्ट यांनी १९८८ मध्ये, द्विशताब्दीच्या वर्षी, संपादित केलेल्या ‘इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया’ या संकलनात ही कविता आहे.

लायनेल फोगार्टी यांची वाट याहून निराळी. १९८० च्या ‘कार्गुन’पासून त्यांनी इंग्रजीचे व्याकरणच मोडायला घेतले. क्रियापदे हलवली, आपल्या भाषेतले शब्द अर्थ न देता मधे पेरले. सर्वांना सर्व कळलेच पाहिजे, असा वाचकाचा हक्क ते मान्य करत नाहीत. आणि हेही परंपरेला धरूनच आहे. प्रत्येक कथा प्रत्येकाने ऐकावयाची नसते. फोगार्टींचे अनुकरण करू नये, ते साधणार नाही. काय राखून ठेवावे, हे मात्र त्यांच्याकडून शिकावे.

२०२१ च्या ‘ड्रॉपबेअर’ या संग्रहात एव्हलिन अरालुएन यांनी तर गोऱ्या बालसाहित्यातील गोंडस रानप्राण्यांनाच उलटतपासणीसाठी उभे केले आहे. जिंडीवोरोबाकांच्या उसनवारीला मिळालेले हे उशिराचे उत्तर होय. त्या संग्रहाला २०२२ चा स्टेला पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आदिवासींना संसदेपुढे घटनात्मक ‘आवाज’ द्यावा की नाही या सार्वमतात देशाने नकार दिला. १९६७ चा कौल आठवणाऱ्यांना हा आकडा बोचला असणार : सुमारे साठ टक्के मते विरुद्ध.

‘आम्ही’ की ‘आपण’?

शेवटी भाषांतराचा एक प्रश्न, जो वरवर व्याकरणाचा आहे. इंग्रजीत ‘वी’ एकच. ऐकणारा त्यात आहे की नाही, हे इंग्रजी सांगत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, आणि ऑस्ट्रेलियातील बहुतेक आदिवासी भाषांतही हा भेद सर्वनामांत स्पष्ट असतो. म्हणजे या कवितेच्या बाबतीत मराठी ही तिच्या लेखनाच्या भाषेपेक्षा तिच्या मूळ भाषांना अधिक जवळची ठरते. हा लाभ आपण घेतला पाहिजे. ‘ऑल वन रेस’ या कवितेत सगळी माणसे एक असल्याची हाक आहे. तेथे ‘आपण’ हवे. आपल्याच लोकांना कटुता सोडावयास सांगणाऱ्या ‘लेट अस नॉट बी बिटर’मध्येही ‘आपण’ हवे, पण हे ‘आपण’ लहान आहे, गोऱ्या वाचकाला त्यात जागा नाही; तो दाराबाहेर उभा राहून ऐकतो आहे. ‘वी आर गोइंग’मध्ये मात्र नि:संशय ‘आम्ही’च. वर्गात एका विद्यार्थ्याने तेथे ‘आपण’ योजले होते आणि कविता क्षणात पर्यावरणदिनाचे भाषण झाली.

क्रियापदाचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘आम्ही जात आहोत’ हे बिनचूक, पण निर्जीव. ‘आम्ही निघालो’मध्ये पुढे कोठेतरी पोहोचण्याची आशा आहे. ‘आम्ही चाललो’ हे बोलीच्या जवळचे, आणि त्यात निरोपही आहे, इशाराही. मराठी घरात बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटले की आजी दारातून परत बोलावते आणि नीट बोलायला लावते. ऊजरूंच्या कवितेतली माणसे ज्या घरातून निघाली आहेत तेथे परत बोलावणारे कोणी उरले आहे का, हे त्या शीर्षकात मोकळे ठेवलेले आहे. म्हणून भाषांतरात ‘आम्ही चाललो’ हेच ठेवावे, असे वाटते.